साथीचे गणित आणि कामगाराचा खाडा

पावसाळ्यात कोल्हापूरकराला सकाळी उठल्याबरोबर एक आकडा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट आहे? ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठचा माणूस धान्याची पोती माळ्यावर टाकू लागतो आणि जनावरे सोडतो. त्याला कोणी ज्योतिष सांगितलेले नसते. धरणातून पाणी किती सुटले, ते वाटेत किती वेळ घेईल, पंचगंगेत आधीच किती पाणी आहे, एवढ्यावरून बांधलेला तो हिशेब असतो.

असा हिशेब रोगाच्या साथीचाही मांडता येतो काय? येतो. ही विद्या जगात शंभराहून अधिक वर्षे वाढत आलेली आहे. तिच्या इतिहासातला एक मोठा टप्पा मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंच्या आकड्यांशी जोडलेला आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आम्ही डॉक्टर नाही आणि गणिती तर नाहीच. आमची शाळा सातवीला सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते फौंड्रीत, युनियनच्या कचेरीत आणि करवीर नगर वाचन मंदिरातल्या बाकावर. परंतु हजेरी, मजुरी आणि बोनस ह्यांचे हिशेब तपासण्यात आमची तीस वर्षे गेली. त्या सवयीने आम्ही हा साथीचा हिशेब वाचू लागलो, तेव्हा त्यात आमच्या ओळखीची एक रकम सापडली. ती रकम कोणती, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पण आधी हिशेब मुळापासून समजून घेऊ.

मुंबईचा प्लेग

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढे हा रोग देशभर पसरला आणि पुढच्या काही दशकांत त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मुंबईतून लाखो माणसे गावाकडे पळाली. गिरण्यांत मजूर मिळेनासा झाला, तेव्हा जे मागे राहिले त्यांनी रोजची मजुरी रोज हातावर मागितली, आणि मालकांना काही काळ ती द्यावीही लागली. माणूस दुर्मिळ झाल्यावर त्याच्या घामाला भाव आला, असा हा उलटा न्याय.

सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा केला. घरझडत्या सुरू झाल्या. रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचे आणि घरातल्यांना छावणीत न्यायचे, असा प्रकार चालू झाला. लोक ह्या उपायांना रोगाइतकेच भ्याले. ह्या कायद्याच्याही आधी, १८९६ च्या ऑक्टोबरअखेर, सुमारे हजार गिरणी कामगार मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले होते. पुण्यात झालेल्या जुलमाचा आणि रँडच्या खुनाचा इतिहास सर्वांना ठाऊकच आहे. त्याच पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हेही विसरता येत नाही.

आमची आजी तिच्या आईकडून ऐकलेली एक गोष्ट सांगत असे. त्या काळी घरात उंदीर पडला, म्हणजे मरून पडला, की माणसे दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नसत. चूल मोडायची, पोरे काखेला मारायची आणि रानात खोपी घालून राहायचे. शास्त्रज्ञांना उंदीर आणि पिसवांचा संबंध पटायला वेळ लागला. पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून तो दाखवला, आणि १९०५ नंतर मुंबईत बसलेल्या प्लेग संशोधन मंडळाने तो पक्का केला. आमच्या पणजीला पिसवांचे शास्त्र माहीत नव्हते. पण आधी उंदीर पडतो आणि मग माणूस पडतो, हा क्रम तिने हेरला होता. अंदाज बांधण्याची पहिली पायरी हीच होय. कोणत्या गोष्टीच्या मागून कोणती गोष्ट येते, ते नीट पाहून ठेवायचे.

तीन माणसे

दुसरी पायरी मोजदादीची. मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसे मेली, ह्याची नोंद होत असे. त्या नोंदीचे पुढे काय झाले, हे सांगण्यासाठी तीन माणसांची ओळख करून द्यावी लागेल.

पहिले रोनाल्ड रॉस. अल्मोड्यात जन्मलेला हा लष्करी डॉक्टर. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्याने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, आणि १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. रॉस तेवढ्यावर थांबला नाही. हिवताप घालवायचा तर शेवटचा डास मारावा लागेल काय, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि गणिताने उत्तर काढले की तशी गरज नाही. डासांची संख्या एका ठराविक मर्यादेखाली आणली आणि तिथेच राखली, तर डास उरले तरी हिवताप आपोआप मावळत जाईल. ही मर्यादेची कल्पना पुढच्या सगळ्या विचाराचा पाया झाली.

दुसरा अँडरसन मॅकेंड्रिक. १९०१ साली हा तरुण डॉक्टर रॉसबरोबर आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला. त्यानंतर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्याची बरीच वर्षे गेली, आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा तो प्रमुख झाला. शिक्षण डॉक्टरीचे, गणिताचा नाद त्याने पुढे स्वतः वाढवला. ह्या एका गोष्टीमुळे आम्हाला तो माणूस जवळचा वाटतो. १९२० साली तो मायदेशी परतला आणि एडिंबरोच्या एका प्रयोगशाळेत काम पाहू लागला.

तिथे त्याला तिसरा भेटला, विल्यम कर्मॅक. हा रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोग करताना स्फोट झाला आणि वयाच्या २६ व्या वर्षी त्याची दृष्टी कायमची गेली. दुसरा कोणी खचला असता. कर्मॅकने दुसऱ्यांकडून वाचून घेऊन आणि मनातल्या मनात समीकरणे मांडून काम पुढे चालवले. ह्या दोघांनी १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत साथींच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात पडताळ्यासाठी त्यांनी मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंचे आकडे घेतले: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, सुमारे तीस आठवड्यांचे. एडिंबरोत बसलेल्या आंधळ्या शास्त्रज्ञाच्या समीकरणाला मांडवी-गिरणगावातल्या मेलेल्या माणसांनी पुरावा दिला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हिशेब कसा मांडतात

आता प्रत्यक्ष हिशेब. गावातल्या माणसांचे तीन ढीग करायचे. पहिल्या ढिगात ज्यांना रोग अजून झालेला नाही पण होऊ शकतो ते. दुसऱ्यात आज रोगी असलेले आणि दुसऱ्याला रोग देऊ शकणारे. तिसऱ्यात बरे होऊन सुटलेले किंवा मेलेले. त्यांच्याकडून आता कोणाला रोग लागत नाही. रोज पहिल्या ढिगातून काही माणसे दुसऱ्यात जातात आणि दुसऱ्यातून काही तिसऱ्यात जातात. साथ म्हणजे ह्या दोन वाटांवरची ये-जा. दुसऱ्या ढिगात येणारे अधिक आणि जाणारे कमी, तोवर साथ चढते. जाणारे अधिक झाले की उतरते.

एक उदाहरण घेऊ. ह्यातले आकडे आम्ही समजावण्यापुरते धरले आहेत. एक रोगी दिवसाला ८ माणसांच्या जवळ येतो. दर २० वेळा जवळ आल्यावर एकदा रोग लागतो. आणि रोगी ५ दिवस रोग देऊ शकतो. ८ गुणिले ५ म्हणजे ४० वेळा जवळ येणे झाले. त्याला २० ने भागले की आले २. एका रोग्यामागे दोन नवे रोगी. दोनाचे चार, चाराचे आठ, असे दहा हप्ते गेले की एकाचे १,०२४ होतात. पहिले काही हप्ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. शेवटच्या दोन हप्त्यांत मात्र इस्पितळात खाट मिळत नाही.

मग सगळे गाव संपेपर्यंत साथ का चालत नाही? पूर्वी लोक म्हणत, रोगाचा जोर ओसरला किंवा देवीचा कोप शांत झाला. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक ह्यांनी दाखवले की जंतूचा जोर तोच राहिला तरीही साथ उतरते. आपल्या उदाहरणात निम्मे गाव रोगातून सुटून तिसऱ्या ढिगात गेले असे समजा. आता रोगी ज्या ८ जणांच्या जवळ येतो त्यांतले ४ आधीच सुटलेले असतात. त्यामुळे एका रोग्यामागे दोनाऐवजी एकच नवा रोगी होतो. तिथून साथीला उतार लागतो, आणि पहिल्या ढिगात माणसे शिल्लक असतानाच ती विझते. रॉसची मर्यादा ती हीच. लसीचे कामही ह्याच हिशेबाने चालते. ती माणसाला रोगाच्या वाटेने न नेता, पहिल्या ढिगातून सरळ तिसऱ्यात नेऊन बसवते.

मुंबईच्या आकड्यांवर त्यांनी जी रेषा बसवली ती घंटेच्या आकाराची आहे. हळूहळू चढते, सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, आठवड्याला ८९० मृत्यूंपर्यंत पोचते आणि तशीच उतरते. प्रत्यक्ष नोंदीतले ठिपके ह्या रेषेच्या अगदी जवळून जातात. आज साथींचे गणित शिकणाऱ्याला हे चित्र बहुधा पहिल्या काही धड्यांतच भेटते.

पॅटर्न म्हणजे कास्टिंग नव्हे

परंतु रेषा जुळली म्हणून हिशेब खरा झाला, असे समजणे चुकीचे ठरेल. कर्मॅक-मॅकेंड्रिक ह्यांनी स्वतःच लिहून ठेवले की मुंबईत माणसांचा प्लेग हा उंदरांच्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, आणि आमची गृहीते तिथे काटेकोर लागू पडत नाहीत. पुढे २०१२ साली निकोला बाकाएर ह्या फ्रेंच गणितज्ञाने हा मुद्दा पुन्हा तपासला. मुंबईचा प्लेग वर्षानुवर्षे ठराविक मोसमात चढत आणि उतरत असे. ऋतू, उंदीर आणि पिसवा हिशेबात घेतल्याशिवाय त्या आकड्यांचा खरा अर्थ लागत नाही, असे त्याने दाखवले. रेषा सुंदर बसली होती. तिच्या पोटातले कारण मात्र पुरते बरोबर नव्हते.

आमच्या उद्यमनगरच्या माणसाला हे पटकन समजेल. फौंड्रीत कास्टिंग ओतण्याआधी लाकडाचा पॅटर्न करतात. पॅटर्न म्हणजे कास्टिंग नव्हे. धातू निवताना आकसतो, म्हणून जाणता पॅटर्नमेकर पॅटर्न थोडा मोठा ठेवतो. कोणता धातू किती आकसतो हे ज्याला कळत नाही, त्याचा पॅटर्न दिसायला कितीही गुळगुळीत असला तरी माल भंगारात जातो. साथीचे गणित करणारा संशोधक हा असाच पॅटर्नमेकर आहे. रोग कोणत्या वाटेने जातो, हे त्याला आधी माहीत असावे लागते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातून. तिथे कोण किती माणसांना भेटतो हे मोजत बसून भागले नसते. नळाला कोणते पाणी येते, हे पाहावे लागले.

आजचा संशोधक संगणकावर ह्यापेक्षा पुष्कळ बारीक पॅटर्न करतो. कोरोनाच्या साथीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने संगणकात सबंध शहर उभे केले. त्यातल्या प्रत्येक कल्पित माणसाला घर दिले, कामाची जागा दिली आणि मुंबईकराला लोकलचा प्रवासही दिला. झोपडपट्टीतले घर वेगळे धरले आणि सोसायटीतले वेगळे. हे वेगळे धरणे किती जरूर होते, ते जुलै २०२० मधल्या एका पाहणीवरून दिसते. मुंबईच्या तीन वॉर्डांत सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासले. झोपडपट्टीत शंभरांतल्या सुमारे ५७ जणांना कोरोना होऊन गेल्याची खूण सापडली. त्याच वॉर्डांत झोपडपट्टीबाहेर फक्त १६ जणांना. एकच शहर, एकच महिना आणि एकच जंतू. फरक होता तो दहा बाय दहाच्या खोलीचा आणि सामाईक संडासाचा. सर्वांना एका सरासरीत कोंबणारा हिशेब ह्या दोन्ही ठिकाणी खोटा ठरला असता.

आणि चुकाही झाल्या. एप्रिल २०२१ च्या आरंभी कानपूरच्या आयआयटीचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या 'सूत्र' नावाच्या हिशेबाने सांगितले की दुसरी लाट एप्रिलच्या मध्याला शिखरावर जाईल आणि देशात दिवसाला सुमारे एक लाख रोगी सापडतील. प्रत्यक्षात शिखर मेच्या पहिल्या आठवड्यात आले, आणि दिवसाचा आकडा चार लाखांच्या वर गेला. लाटेचे खरे स्वरूप आपल्या हिशेबाला आधी ओळखता आले नाही, हे त्या संशोधकांनी जाहीरपणे मान्य केले. चूक कबूल करणारा हिशेबनीस आम्हाला कधीही बरा वाटतो. पण ह्यावरून 'अंदाज सगळे थोतांड' असे म्हणणारे आम्हाला भेटतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

नदी ऐकत नाही, माणूस ऐकतो

कारण पुराचा अंदाज आणि साथीचा अंदाज ह्यांत एक मोठा भेद आहे. बंधाऱ्यावर पाणी ४५ फुटांवर जाईल असे सांगितले म्हणून पंचगंगा लाजून मागे सरत नाही. साथ मात्र माणसांच्या अंगावरून चालते, आणि माणसे अंदाज ऐकतात. पुढच्या महिन्यात दहा हजार रोगी होतील असे कोणी सांगितले, लोक सावध झाले, २०२० आणि २०२१ साली जशी जोतिबाची चैत्र यात्रा थांबवली तशा यात्रा थांबल्या, आणि रोगी तीनच हजार झाले, तर अंदाज खोटा ठरला काय? आमच्या मते तो उपयोगी पडला. साथीच्या प्रत्येक अंदाजात एक 'जर' असतो. तुम्ही आज जसे वागता तसेच वागत राहिलात तर असे होईल, एवढेच तो सांगतो. वर्तमानपत्रातल्या मथळ्यात आकडा येतो आणि 'जर' गळून पडतो. वाचकांनी तो शोधून काढायची सवय लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट अशी की अंदाज हा मोजणीवर जगतो. बंधाऱ्यावरच्या पट्टीला कोणाचे भय नसते. ती खरे तेच दाखवते. माणसाला भय असते. प्लेगच्या काळात घरझडतीच्या भीतीने लोकांनी रोगी लपवले आणि मयतेही गुपचूप उरकली. जे लपले ते नोंदीत आले नाही, आणि जे नोंदीत आले नाही ते कोणत्याही समीकरणाला दिसत नाही. दंडुक्याने आकडा खरा होत नाही, उलट तो लपतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. साथीत मात्र झाकली मूठ उघडेपर्यंत सव्वा लाख माणसे आजारी पडलेली असतात.

आमची रकम

आता आरंभी सांगितलेल्या आमच्या ओळखीच्या रकमेकडे येऊ. उदाहरणात तीन आकडे होते. रोगी दिवसाला किती जणांच्या जवळ येतो, जवळ आल्यावर रोग किती वेळा लागतो, आणि तो किती दिवस लोकांत वावरतो. पहिला आकडा घरांच्या आणि गाड्यांच्या दाटीवर अवलंबून. दुसरा जंतूच्या स्वभावावर, तसाच हवा, मुसके आणि लस ह्यांवर. तिसरा आकडा, 'किती दिवस', हा वरवर पाहता डॉक्टरांचा वाटतो. पण कामगाराच्या बाबतीत तो हजेरीपुस्तकाचा आहे. त्याला आपण कारखान्यात खाडा म्हणतो.

ताप आलेल्या कामगाराने पाच दिवसांऐवजी दोनच दिवस काम करून खाडा केला असे धरा. ८ गुणिले २ म्हणजे १६, भागिले २०. एका रोग्यामागे नवे रोगी ०.८, म्हणजे एकाहून कमी. पाच दिवसांच्या हिशेबाने १०० रोग्यांचे दहाव्या हप्त्याला १ लाख २ हजार ४०० होतात, अर्थात तेवढी माणसे उरली असतील तर. दोन दिवसांच्या हिशेबाने त्याच १०० चे दहाव्या हप्त्याला ११ उरतात. जंतू तोच, वस्ती तीच. फरक तीन खाड्यांचा. हे गणित प्रत्येक रोगाला असेच लागू पडते असे आम्ही म्हणत नाही. कोरोनासारखा रोग ताप येण्याआधीच पसरू लागतो, आणि घरी बसलेला रोगी घरच्यांना रोग देतोच. उंदराच्या प्लेगला तर खाड्याने काहीच होत नाही. पण श्वासातून पसरणाऱ्या पुष्कळ रोगांत हे तीन दिवस साथीची दिशा फिरवायला मदत करतात.

मग कामगार खाडा का करत नाही? इथे आम्हाला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२१ च्या जून-जुलैत राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरत होती, तरी आपल्या जिल्ह्यात रोग्यांचे प्रमाण बरेच दिवस खाली येत नव्हते. तेव्हा एका कारखान्यातला एक तरुण मोल्डर अंगात ताप असताना गोळी घेऊन कामावर येत राहिला. तपासणी करून घ्यायलाही तो तयार नव्हता. रोग निघाला तर चौदा दिवस घरी बसावे लागले असते. आम्ही त्याला रागावलो. तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, दोन खाडे झाले की महिन्याचा हजेरी भत्ता जातो. त्यात घराचं भाडं आहे." त्यानंतरच्या पंधरवड्यात त्याच खात्यातली पाच माणसे पडली. भट्टीवरचा एक जुना कामगार परत आला नाही. त्याला रोग त्या मोल्डरकडूनच लागला असे कोणी सांगू शकणार नाही, आणि त्या पोरावर तो ठपका ठेवणे पाप होईल. पण आमची झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. तो हजेरी भत्ता करारात आम्ही स्वतः मागून घेतला होता. मालक मूळ पगार वाढवायला तयार नव्हता, म्हणून हजेरीला बांधलेली रक्कम आम्ही पदरात पाडून घेतली आणि गेटसभेत हार घालून घेतले. आजारी माणसाला कामावर ओढून आणणारी दोरी आम्हीच वळली होती, हे त्या दिवशी कळले.

तेव्हापासून आम्ही साथीचे गणित वाचू लागलो. पुढच्या कराराच्या बोलण्यांत आम्ही मालकासमोर हाच ८, २० आणि ५ चा हिशेब मांडला. तापाच्या आजाराचे तीन दिवसांपर्यंतचे खाडे हजेरी भत्त्यातून कापायचे नाहीत, असे कलम मागितले. मालक म्हणाला, लोक खोटे ताप काढतील. आम्ही म्हणालो, काही काढतीलही. एका खोट्या तापाची तीन दिवसांची मजुरी आणि एका खऱ्या तापाने बंद पडलेले सबंध खाते, ह्यांतली स्वस्त रक्कम कोणती ते तुमच्या हिशेबनिसाला विचारा. दोन बैठका गेल्या, पण कलम आले.

हे एका कारखान्याचे झाले. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्य विमा योजनेत, अटी पुऱ्या करणाऱ्या कामगाराला आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळण्याची सोय आहे. ती चांगलीच आहे. पण ठेकेदाराच्या हाताखालचा माणूस, यंत्रमागावर मीटरवर काम करणारा, बांधकामावरची बाई आणि घरोघर धुणीभांडी करणारी मावशी ह्यांच्यातल्या पुष्कळांचे नाव त्या वहीत नाही. त्यांच्या घरी ताप आला की चूल आणि खाडा ह्यांतून एकच निवडावे लागते, आणि माणूस चूल निवडतो. त्याने तसे करू नये, असे सांगण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही.

संशोधक आपले काम करीत आहेत, आणि ते मोठे आहे. परंतु त्यांच्या समीकरणातला 'किती दिवस' हा आकडा प्रयोगशाळेत बदलत नाही. तो बदलतो करारात, कायद्यात आणि घरमालकिणीच्या मनात. आज हे ऐकायला आलेल्यांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, आणि मोलकरीण ठेवणाऱ्या गृहिणीही आहेत. त्यांना आमची विनंती एवढीच की आपल्याकडे राबणाऱ्या माणसाने "मला ताप आहे" म्हटले, तर पहिल्या तीन दिवसांचे पैसे कापू नयेत. पैसे कापले तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि कोल्हापूरचा आकडा पुन्हा खोटा येईल.

आमच्या पणजीच्या गावी उंदीर पडला की ज्याच्या घरात पडला तोच आधी शेजाऱ्याला हाक मारून सांगत असे. ते सांगितल्याबद्दल त्याला कोणी दंड करीत नसे. उलट खोप उभी करायला चार माणसे त्याच्याकडे आधी जात. एवढी व्यवस्था आपल्या शहरात झाली, तर गणित करणाऱ्यांना खरे आकडे मिळतील, आणि त्यांचे अंदाज आपल्याला वेळेवर उपयोगी पडतील.